नेवाडाचे कुरळे घोडे

हा घोडा जरा जवळून पाहा. आयाळीच्या बटा वळलेल्या, कानांच्या आतले केस कुरळे, पापण्यांचे केससुद्धा वळलेले. हिवाळ्यात तर अंगावर मेंढीसारखी दाट लव.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, १८९८ साली, डमेली घराण्यातल्या बापलेकांना डोंगरात असे तीन घोडे दिसले. १९३१-३२चा हिवाळा भयंकर होता. बर्फ वितळल्यावर रानात घोडे शोधायला गेलो तर जिवंत सापडले ते कुरळेच, असं त्या घरात सांगतात. तेव्हापासून त्यांनी कुरळे घोडे मुद्दाम राखले.

पण केस वळतो कशानं?

शेव पाडायचा सोऱ्या आठवा. पीठ तेच, पण चकतीचं भोक वाकडं असेल तर शेव सरळ उतरत नाही. केसाच्या मुळाशीही कोवळ्या केसाभोवती एक आवरण असतं. ते केसाच्या आधी कडक होतं आणि केसाला आकार देतं. या आवरणातलं एक केराटिन, म्हणजे केस-नखांत असणारं प्रथिन, केआरटी २५ या जनुकावरून बनतं. २०१७ साली कुरळ्या घोड्यांत त्यातला बदल सापडला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; त्या सगळ्या माळेत एकाच जागी आर्जिनिन या आम्लाऐवजी हिस्टिडिन, बस्स.

हा बदल आईकडून येवो की बापाकडून, एकाकडून आला तरी शिंगरू कुरळं. त्याची किंमतही आहे. उन्हाळ्यात आयाळ आणि शेपटीचे केस झडू शकतात. दोघांकडून आला तर घोडा बराचसा टकला होऊ शकतो. माशा वारायला शेपूट नाही, म्हणजे जनावराचे हालच.

२०१८ साली दुसरा जनुक हाती लागला, एसपी ६. त्यात बदल असलेले घोडेही कुरळे असतात, पण केस टिकून राहतात. दोन्ही बदल एकाच घोड्यात आले, तर चालतं केआरटी २५चंच. नुसत्या बटा पाहून जोडी लावणं म्हणूनच धोक्याचं. आधी जनुक तपासावेत.

या घोड्यांची ॲलर्जी होत नाही, अशी जाहिरात सर्रास चालते. केसांतली ॲलर्जीकारक प्रथिनं मोजली, तेव्हा मात्र ती कुरळ्यांत कमी भरली नाहीत.

युरोपातल्या फ्लेकफी गाईंच्या कुरळेपणामागे याच कुळातला केआरटी २७ आहे. आणि उलट्या पिसांची कोंबडी? तिच्यात केआरटी ७५. तिथं मात्र चकती नाही, पिसाची दांडीच वाकडी.