माँमार्त्रची खाण आणि पोलादी सुई

श्रोतेहो, नमस्कार. प्राण्यांची एखादी जात पृथ्वीवरून समूळ नाहीशी होऊ शकते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठमोठे विद्वानही मानायला तयार नव्हते. ओहायो नदीकाठी सापडलेल्या प्रचंड हाडांचा धनी अमेरिकेच्या वायव्येकडील अज्ञात मुलखात अजूनही हिंडत असावा, असे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांना मनापासून वाटे.

१७९६ साली पॅरिसमध्ये जॉर्ज क्यूव्हिए या सव्वीस वर्षांच्या तरुणाने हत्तींवरील निबंध वाचला. श्रीलंकेतील आणि आफ्रिकेतील हत्तींच्या कवट्या व दाढा ताडून पाहून त्याने दाखवले, की या दोन जाती वेगळ्या आहेत आणि ज्याची हाडे सायबेरियात सापडतात तो हत्तीसारखा मॅमथ या दोहोंहून निराळा आहे. एवढे मोठे जनावर कुठे जिवंत असते, तर ते आजवर कुणाच्या दृष्टीस पडल्याशिवाय राहिले नसते. पुन्हा सांगतो: मॅमथ दडलेला नव्हता, तो उरलेलाच नव्हता.

परंतु नुसत्या हाडांवरून इतके सांगणाऱ्या माणसावर विश्वास तरी कसा ठेवावा? त्यासाठी माझा आवडता किस्सा ऐका.

त्या काळी पॅरिसच्या वेशीबाहेर असलेल्या माँमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या. प्लास्टर ऑफ पॅरिस बनते ते हेच जिप्सम भाजून. (गणेशमूर्ती मात्र शाडूचीच असावी, हे माझे मत मी कुठेही बोलून दाखवतो.) या खाणीतला एक दगड दुभंगला, तेव्हा त्याच्या दोन्ही फाकांत एका चिमुकल्या प्राण्याचा सांगाडा विभागलेला दिसला. जबडा आणि दात पाहताच क्यूव्हिए यांना वाटले, की हा अमेरिकेतल्या ओपॉसमचा भाऊबंद आहे. पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या या प्राण्यांच्या कटिभागापुढे दोन जादा हाडे असतात. परंतु सांगाड्याचा नेमका तोच भाग दगडात बुजलेला होता. क्यूव्हिए यांनी काही मंडळींना बोलावले, आत काय सापडेल ते आधीच सांगून टाकले आणि मगच पोलादाच्या बारीक टोकाने दगड कोरायला घेतला. अंदाज चुकला असता, तर फजिती चारचौघांत झाली असती; शिवाय त्या कोरण्यात वर आलेली थोडी हाडेही गमवावी लागणार होती. दगडाचा कणन्‌कण निघत गेला आणि सांगितल्या जागी, सांगितल्याप्रमाणे, दोन्ही हाडे उघडी पडली. ती हाडे न पाहता सांगितलेली होती, हे ध्यानात घ्या.

हे १८०४ च्या सुमाराचे. असा प्राणी तेव्हा युरोपात कुठेही जिवंत नव्हता. त्याच जिप्सममधून क्यूव्हिए यांनी पॅलिओथेरियमसारखे, जगात कुठेच न उरलेले प्राणीही उभे केले.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून कारणांबद्दल एवढेच सांगतो. अकस्मात आलेल्या महापुरासारख्या उत्पातांनी या जाती संपल्या, असे क्यूव्हिए म्हणत. जाती संपतात हे जगाच्या गळी उतरवणाऱ्या या माणसाने, जाती हळूहळू बदलतात हे पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातले त्याचे सहकारी, निसर्गशास्त्रज्ञ लामार्क, यांचे म्हणणे मात्र अखेरपर्यंत मान्य केले नाही.