कँडीला गेलेला केनिया

मंडळी, दहशतवादाच्या भीतीपायी प्रवास आणि आंतरराष्ट्रीय सामने थांबवावेत का, असा आजचा विषय आहे. पुण्यात यावर बोलायचं तर सुरुवात स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवरूनच व्हायला हवी. २९ फेब्रुवारी १९९६, क्रिकेटचा विश्वचषक, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. त्या दिवशी तिथं कोण कोण होतं? हात वर करा बरं. वा, दहा-बारा हात आहेत!

मी थोरल्या भावाबरोबर गेलो होतो. वहिनीनं पोळीभाजीचा डबा दिला होता. आम्ही दोघंही वेस्ट इंडिजच्या ब्रायन लाराला बघायला आलेलो. केनियाच्या १६६ धावा झाल्या तेव्हा दादा म्हणाला, ‘चहाच्या आत घरी पोचू.’ मग रजब अलीच्या चेंडूवर लाराची कड लागली, आणि त्या धिप्पाड तारिक इक्बालनं झेल कवटाळला. लारा ८! वेस्ट इंडिज सगळे मिळून ९३. डबा तसाच राहिला, संध्याकाळी सारसबागेत बसून खाल्ला. दादा आता नाही, पण तो झेल तो शेवटपर्यंत हातवारे करून दाखवायचा.

हे सगळं मी का सांगतोय? त्याच वर्षी ३१ जानेवारीला कोलंबोत मध्यवर्ती बँकेवर तमिळ वाघांनी स्फोट केला, ९० हून अधिक माणसं गेली. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजनं तिथले विश्वचषकाचे सामने खेळायला नकार दिला आणि श्रीलंकेला न खेळताच गुण मिळाले. पण झिम्बाब्वे कोलंबोत खेळला. आणि आपल्या पुण्यात जिंकलेला हाच केनिया आठवड्याभरात कँडीला गेला, श्रीलंकेच्या ३९८ धावा झेलून आला. त्याआधी १३ फेब्रुवारीला भारत आणि पाकिस्तानचा एकत्र संघ कोलंबोत खेळला. अझर कर्णधार. धावफलकावर काय लागलं माहितीय? कालुवितरणा, झेल तेंडुलकर, गोलंदाज वासिम अक्रम. ही ओळ मी शाळेतल्या पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो.

...चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य मुद्दे आता भराभर सांगतो.

माझ्या या लाडक्या गोष्टीला लाहोरनं फार मोठा तडा दिला, तो लपवणार नाही. मुंबईच्या हल्ल्यानंतर भारतानं पाकिस्तान दौरा रद्द केला, त्या जागी श्रीलंका गेली. ३ मार्च २००९ ला लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमजवळ त्यांच्या बसवर गोळीबार झाला. पोलीस मेले, खेळाडू जखमी झाले. चालकानं बस न थांबवता मैदानात नेली म्हणून बाकीचे वाचले. तेव्हा ‘घाबरू नका, जा’ एवढं म्हणणं पुरेसं नाही. बंदोबस्त कोणाचा, रस्ता कुठला, शहर कुठलं, हे आधी विचारलंच पाहिजे. इंग्लंडनं २००८ मध्ये तेच केलं. २६/११ नंतर संघ मायदेशी गेला, सुरक्षेची खात्री करून डिसेंबरात परतला. कसोट्या अहमदाबाद आणि मुंबईऐवजी चेन्नई आणि मोहालीला झाल्या. चेन्नईत ३८७ चा पाठलाग, सचिन नाबाद १०३, आणि ते शतक त्यानं मुंबईतल्या बळींना अर्पण केलं.

दुसरं, नकार देणाऱ्याला भित्रा म्हणू नका. त्याच्या घरी लेकरं आहेत. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांना मारलं, त्यांत आपल्या पुण्यातले होते. त्या घरांना प्रवासाचं महत्त्व मी कुठल्या तोंडानं सांगू? पण पर्यटकांना वाचवताना तिथला घोडेवालाही मेला. त्याच्यासारख्यांचं पोट येणाऱ्यांवर चालतं. म्हणून एखादं खोरं काही महिने बंद ठेवा, पहारे लावा, पण सबंध काश्मीर कायमचं यादीतून खोडू नका.

तिसरं, मोजपट्टी एकच हवी. लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला स्फोट झाले, ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडातच होता. तरी ॲशेस, म्हणजे त्या दोघांची कसोटी मालिका, झाली. हाच धीर कोलंबोच्या वाट्याला का आला नाही?

शेवटचं सांगतो, चिठ्ठी दुसऱ्यांदा आलीय. २०१९ च्या सप्टेंबरात श्रीलंकेच्या १० खेळाडूंनी पाकिस्तानला जायला नकार दिला. मंडळानं तो मान्य केला आणि जे तयार होते त्यांना नेलं. त्याच डिसेंबरात रावळपिंडीला कसोटी झाली, लाहोरनंतर पाकिस्तानातली पहिली. पावसानं बहुतेक खेळ वाहून गेला, सामना अनिर्णित राहिला. पण समोर संघ कोणाचा होता? श्रीलंकेचाच.