अंगापेक्षा चार बोटं कमी

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. जुन्या घराची खिडकी, खिडकीशी काळं शिलाई मशीन. सकाळचं ऊन.)

आईनं शिवलेला ब्लाउज कधीही उलटा करून बघा. दोन्ही बगलांना आत दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड. 'अंग आज ना उद्या सुटणारच,' हे तिचं ठरलेलं वाक्य. तीस वर्षं या खिडकीत बसून ती अशीच माया ठेवत आली.

या उन्हाळ्यात तिला अंगापेक्षा लहान कपडा बेतायचा होता. स्वतःसाठी. पोहण्याचा.

निमित्त गुडघ्यांचं. छातीइतक्या पाण्यात चाललं की गुडघ्यांवरचा भार बराच उतरतो, म्हणून डॉक्टरांनी पोहण्याच्या तलावावर धाडलं. बायकांची बॅच मिळाली, अडलं ते कॉश्च्यूमवर. दुकानातला कमरेला बसायचा तो खांद्याला काचायचा. खांद्याला बसला तो मांडीपाशी इतका वर गेला, की आरशासमोर आम्ही दोघी हसत सुटलो. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, मी शिवते की!"

मला वाटलं, गंमत करतेय.

(दृश्य: मंगळबाजार. कापडाचे तागे, गर्दी.)

सूरसागरावरून, न्यायमंदिराच्या बाजूनं मंगळबाजारात. "आ चारेय बाजु खेंचाय छे, बेन," दुकानदार म्हणाला. म्हणजे चारही बाजूंना ताणलं जातं. आईनं मान डोलावली आणि पिशवीतून पट्टी काढली. चार इंच कापड चिमटीत धरून ताणलं, सहापर्यंत गेलं. सोडलं. परत चारावर येतंय का, ते वाकून बघितलं. आधी आडवं, मग उभं. एक कापड सव्वाचारावरच थांबलं. ते तिनं न बोलता बाजूला सारलं. मग बाटलीतलं पाणी फिकट गुलाबी तुकड्यावर ओतून खाली तळहात धरला. हातावरच्या रेषा दिसल्या. झालं, गुलाबी बाद.

घेतलं ते गडद निळं, साठ इंच पन्ह्याचं, सव्वा मीटर. ताण देणारा धागा स्पँडेक्सचा. १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी तो शोधला, आणि 'लायक्रा' हे त्याचंच बाजारातलं नाव. क्लोरीन हा त्याचा वैरी. त्यातल्या त्यात नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर मिसळलेलं कापड जास्त टिकतं. सुती कापडाचा विचारच नको. ते पाणी पिऊन लोंबतं.

(दृश्य: जमिनीवर पसरलेला कागद, मापाची टेप.)

आधी जुन्या टी-शर्टचा नमुना करून पाहिला, काळ्या मशीनवर, सरळ टाक्याचा. आईनं तो अंगात चढवला आणि आवाज आला. टच्. टच्. टच्. कापड ताणलं, दोरा ताणला नाही. शिवण जागोजागी सुटली. झिगझॅग टाका नागमोडी जातो, म्हणून त्यात ताणाला जागा असते. तसं मशीन मावशीकडून आणलं. सुईही बदलली, गोल टोकाची, ७५ नंबरची. टोकदार सुई ताणाचे धागेच तोडते, आणि टाके सुटतात ते वेगळंच.

एक माप तिच्या वहीत कधी नव्हतंच. खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून मागे, पाठीवरून वर परत त्याच खांद्यापर्यंत. हे चुकलं की खांदे काचतात. टेप मी धरली, ती अवघडून उभी. मग छाती : ३८. कापड ताणून अंगाला घट्ट बसावं म्हणून कागदावर मांडायचं होतं ३५.

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली.

"धीर होत नाही गं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला असा बेतला असता, तर तोंडावर फेकून गेलं असतं." मग तीन इंच आत आली आणि रेघ एका दमात ओढली.

टाचण्या नाहीत; या कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. कागदावर वजनं ठेवली : खलबत्त्यातला बत्ता, दोन पितळी वाट्या, माझा मोबाइल. कापताना कापड पाण्यासारखं सरकत होतं. अर्ध्या बाह्या, गुडघ्यापर्यंत पाय, पुढून-मागून अस्तर. बाकी शिवणकाम दोन दुपारींत उरकलं.

(दृश्य: पहाट. तलावाचं फाटक. आत फक्त आवाज.)

आत कॅमेरा नव्हता, तेव्हा हे मी सांगते ते ऐका. आई पायऱ्या उतरली. एकही टच् आला नाही. चार पावलं चालली, आणि पाठीला फुगा आला! मागच्या गळ्यातून पाणी आत शिरत होतं. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर थाप मारून तो फुगा बसवला.

(दृश्य: घरचं अंगण, सावलीतली दोरी. निळा कॉश्च्यूम निथळतोय.)

साध्या पाण्यातून काढला, पिळला नाही, उन्हातही घातला नाही. चहा झाल्यावर तिनं मागचा गळा बोटानं चाचपला.

"इलॅस्टिक सगळीकडे सारखंच ताणलं मी. पुढे सैल, मागे ओढून लावायला हवं होतं."

दुपारी वाळल्यावर चश्मा नाकावर चढवून तिनं तो गळा उसवायला घेतला.