एक, सहा, अकरा: घरातल्या मेशचा चॅनेल कसा निवडावा

(पडद्यावर: फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझरचा आलेख)

शहरातल्या एखाद्या सोसायटीत हे अ‍ॅप उघडलं, की शेजारपाजारची नेटवर्कं अशी एकमेकांवर चढलेल्या कमानींसारखी दिसतात. मेशचे, म्हणजे मिळून घरभर एकच वाय-फाय पसरवणाऱ्या संचाचे, तीन नोड (राउटरसारखे डबे) लावूनही व्हिडिओ कॉल अडखळतो, त्याचं कारण बऱ्याचदा इथंच सापडतं.

२.४ गिगाहर्ट्‌झ या वाय-फायच्या लहरपट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल, म्हणजे त्याचे क्रमांक दिलेले भाग, आहेत. पण शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर जेमतेम ५ मेगाहर्ट्‌झ आणि एक नेटवर्क जागा अडवतं २० मेगाहर्ट्‌झ. म्हणून १, ६ आणि ११ यांतलाच एक घ्यायचा. तिन्हींवर गर्दी दिसली, की मधला ३ किंवा ८ घ्यावासा वाटतो. घेऊ नका. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात, पाळी येईपर्यंत थांबतात. ३ वरच्या राउटरला मात्र १ आणि ६ वरचं बोलणं कळतच नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. डेटा खराब होतो, पुन्हा पाठवावा लागतो. गजबजलेला ६ परवडला, रिकामा दिसणारा ३ नाही. चॅनेलची रुंदीही २० वरच राहू द्या.

५ गिगाहर्ट्‌झचं गणित वेगळं. ड्युअल-बँड, म्हणजे २.४ आणि ५ अशा दोनच पट्ट्यांवर चालणाऱ्या, मेशमध्ये नोड बिनतारी जोडलेले असतील, तर सगळे एकाच चॅनेलवर बसतात. मधला नोड आधी ऐकतो, मग तेच पुढे पाठवतो. त्यात वेग जवळपास निम्मा होतो. चॅनेल कितीही बदला, हे सुटत नाही. त्यावर उपाय केबलचा. नोडपर्यंत कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढा आणि नोड अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे केबलनं आलेलं नेट वाय-फायनं पसरवण्यावर, टाका. मग हॉलमध्ये ३६, आतल्या खोलीत १४९, दोन्ही ८० मेगाहर्ट्‌झ रुंद, असं ठेवता येतं. काही मेश संचांत प्रत्येक नोडला वेगळा चॅनेल द्यायची सोय नसते, हे विकत घेण्याआधीच बघा.

याच पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे आहेत. तिथं राउटर सुरू होताना किमान मिनिटभर नुसता ऐकत राहतो आणि रडारची चाहूल लागली, की चॅनेल सोडतो. सगळ्या मेशला त्याच्यामागे उडी मारावी लागते, चालू कॉल तुटतो. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड, म्हणजे याच लहरींच्या आसपास चालणारं, रडार आहे. अशा भागात ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हेच बरे.

(पडद्यावर: दाराजवळ ठेवलेला नोड, हातात फोन)

मोजणी रात्री नऊच्या सुमारास करा, घरोघरी टीव्ही चालू असताना. जिथं नोड ठेवायचा, तिथंच उभं राहून मुख्य राउटरचा सिग्नल बघा. उणे ६५ डीबीएमच्या आसपास हवा (डीबीएम हे सिग्नलच्या जोराचं माप; आकडा शून्याकडे जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). उणे ७५ दिसला, तर मध्ये काँक्रीटची भिंत किंवा लोखंडी कपाट आहे का बघा आणि चॅनेलला हात लावण्याआधी नोड अलीकडे सरकवा.