भाड्याचे घर, चौघींचे

मानसिक आजारातून सावरलेली स्त्री मनोरुग्णालयातच वर्षानुवर्षे राहते, तेव्हा अडचण अनेकदा आजाराची नसते, पत्त्याची असते. माहेर-सासरचे न्यायला येत नाहीत आणि गावात कुणी खोली देत नाही. केवळ कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारले किंवा डोक्यावर छप्पर नाही, एवढ्यावरून कुणालाही तिथे ठेवून घेता येणार नाही, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १९ सांगते.

चेन्नईतील ‘द बॅनियन’ ही संस्था १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी बेघर, मानसिक आजारी स्त्रियांसाठी सुरू केली. २०१५ पासून ‘होम अगेन’ या उपक्रमात ती साध्या वस्तीतली घरे भाड्याने घेते. एका घरात चार-पाच जणी राहतात आणि मदतीला प्रशिक्षित सोबतीण असते. वॉर्डात ताट समोर येत असे. इथे आमटीत चिंच किती घालायची, यावरून दोघींचे वाजते, आणि तो वाद मिटवायला कुणी परिचारिका येत नाही. सावरण्याच्या कामात अशा वादाचे मोल औषधाइतकेच आहे, असे आम्हाला वाटते.

घरमालकाची भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. भाडे थकले तर काय, शेजाऱ्यांनी तक्रार केली तर काय, रात्री-अपरात्री कुणाची तब्येत बिघडली तर कुणाला बोलवायचे, हे प्रश्न रास्त आहेत, आणि नुसत्या आश्वासनाने ते सुटत नाहीत. करारावर संस्थेची सही असते, भाड्याची जबाबदारी तिची असते आणि हाकेला धावून येणारे माणूस ठरलेले असते, तेव्हा मालकाला होकार देणे सोपे जाते.

महाराष्ट्रात रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या सहकार्याने हा उपक्रम आला. आपल्याकडे अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, अनामत रक्कम आणि पोलीस पडताळणी एवढे जमले, तरी सोसायटीची बैठक उरतेच. तिथे ‘यांना नेमके काय झाले आहे?’ असे हमखास विचारले जाते. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क याच कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे आजाराचे निदान सभासदांपुढे मांडण्याची गरज नाही. देखभाल कोण करणार आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे सांगणे पुरेसे आहे.

ठाणे, पुणे आणि नागपूर येथेही प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथून बाहेर पडू शकणाऱ्यांसाठी घरे शोधायची, तर दर महिन्याचे भाडे कोणत्या खात्यातून जाणार, हे शासनाने आधी ठरवायला हवे. देणगी आटली म्हणून कुणाला पुन्हा वॉर्डात परतावे लागू नये.