आधी मॅट उचला, मग बॉनेट

नमस्कार मंडळी. चतुर्थी जवळ आली की घरोघरी गाडीचा विषय निघतोच, आणि नवी काही बजेटमध्ये बसत नाही, म्हणून मी नि माझा मेव्हणा दोन जुन्या गाड्या बघून आलो, दोन्ही 2011च्या. एक आय-टेन, कळंगुटची, जीए-03, फक्त 52 हजार किलोमीटर, पॉलिश मारून चकाचक. दुसरी वॅगन-आर, डिचोलीची, जीए-04, लाखाच्या वर पळालेली, बंपरला ओरखडे. मेव्हणा कळंगुटातच टोकन द्यायला निघालेला!

बरं झालं मेकॅनिक सोबत होता. त्याने आधी बॉनेट उघडलंच नाही, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं, कार्पेट सोडवलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं, तर पत्रा बद्द वाजला नि तांबूस भुगा पडला. दाराखालच्या पट्टीला लोहचुंबक लावलं, चिकटेना. म्हणजे आत नुसती पुट्टी. "बाब, ही चालली कमी नि माडाखाली उभी जास्त राहिली," तो म्हणाला. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस, किलोमीटर बघून काय करणार?

त्यात त्या 1.1 लिटर आय-टेनला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग तालात फिरवणारा पट्टा, तो रबराचा, गाडी उभी असली तरी म्हातारा होतो, आणि बदलल्याचं बिल मालकाकडे नव्हतं. 2010 नंतरच्या वॅगन-आरच्या के-सीरिज इंजिनला चेन आहे, ती एक कटकट कमी.

डिचोलीच्या गाडीचे सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघितले, कारण पुरात बुडालेल्या गाडीचा चिखलाचा डाग तिथेच लपतो. स्वच्छ होते. क्लच मात्र संपत आलाय, तेवढे पैसे किमतीतून कापून घेतले. आणि हो, 15 वर्षं भरली की आरटीओत फिटनेस तपासणी करून पुढच्या 5 वर्षांसाठी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, त्याची फी 2022पासून 600ची 5000 झालीय, तीही मालकाला ऐकवली, थोडा कुरकुरला, पण ऐकला.

आता अडलंय कुठे, तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, जुन्या लोनचा बोजा तसाच आहे, बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा फॉर्म) आल्याशिवाय मी उरलेले पैसे देणार नाही म्हटलं. तोवर मेव्हणा रोज सकाळी बसस्टॉपवर उभा, माझ्यावर जाम वैतागलेला.