वेम्बलीवर आधी शिट्टी वाजली

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी ज्या खेळाडूविषयी बोलणार आहे, तिचे नाव आपल्याकडच्या क्रीडापानांवर सहसा दिसत नाही. तिचे नाव केटलिन बीव्हर्स. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात, लोकरीच्या गिरण्यांसाठी एकेकाळी प्रसिद्ध असलेल्या ड्यूजबरी गावातून ती पुढे आली. ती रग्बी लीग खेळते, आणि तिच्या कारकिर्दीची पहिली पाच-सहा वर्षे मला विशेष सांगण्याजोगी वाटतात, कारण ज्या मैदानावर पोहोचण्याचे स्वप्न तिथले प्रत्येक मूल पाहते, तिथे ती खेळाडू म्हणून नव्हे, तर पंच म्हणून आधी उतरली.

तिच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. मुंबईच्या जिमखान्यावर आपण जी रग्बी पाहतो, ती रग्बी युनियन. रग्बी लीग तिच्यातूनच फुटून निघाली. शनिवारी सामना खेळायला गेले की गिरणी आणि खाणकामगारांची त्या दिवसाची मजुरी बुडत असे. ती भरून द्यावी, अशी उत्तर इंग्लंडमधील क्लबांची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक घेऊन या क्लबांनी वेगळी चूल मांडली. या प्रकारात संघात तेरा खेळाडू असतात. आक्रमक संघाला सहा पकडींपर्यंत चेंडू आपल्याकडे ठेवता येतो आणि सहाव्या पकडीनंतर तो प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. सहा चेंडूंच्या षटकाची सवय असलेल्या आपल्या कानांना हा हिशेब चटकन उमजावा, आणि पकड म्हणजे काय, हे तर कबड्डीच्या मुलखात वेगळे सांगायला नको.

प्रत्येक पकडीनंतर जे घडते, ते मात्र जवळून पाहण्यासारखे असते. खाली पाडलेला खेळाडू उठून उभा राहतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सरकवतो. हे सारे दोन-तीन सेकंदांत होते. तेवढ्यात पकडणाऱ्याने हात वेळेवर सोडले का, चेंडूला पाय नीट लागला का आणि बचाव करणारी सगळी रांग दहा मीटर मागे गेली का, या तिन्ही गोष्टी पंचाला एकाच वेळी पाहाव्या लागतात. ज्या खेळाडूने हे काम शिट्टी हातात घेऊन केले आहे, तिला बचावाच्या रांगेतली फट इतरांच्या क्षणभर आधी दिसत असणार, असे माझे आपले मत आहे.

बीव्हर्सने खेळणे आणि पंचगिरी या दोन्ही गोष्टी लहान वयातच हाती घेतल्या. २०१८ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर शाळकरी मुलांच्या एका सामन्याची पंच म्हणून तिची नेमणूक झाली. मैदानावरची मुले अकरा-बारा वर्षांची आणि पंच सोळा वर्षांची, म्हणजे जेमतेम त्यांच्या ताईएवढी. वेम्बलीवर रग्बी लीगच्या सामन्याचे पंचपद सांभाळणारी ती पहिली स्त्री ठरली. ड्यूजबरीचे या मैदानाशी जुने नाते आहे. १९२९ साली चॅलेंज कपचा, म्हणजे रग्बी लीगच्या जुन्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, अंतिम सामना वेम्बलीवर पहिल्यांदा झाला, तेव्हा विगन क्लबसमोर उतरलेला संघ ड्यूजबरीचाच होता. तो १३-२ असा हरला.

पण एका मुलीला वेम्बलीवर पंच नेमण्यात एक विसंगतीही होती. त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये लीड्स ऱ्हायनोजच्या नव्याकोऱ्या महिला संघाने कॅसलफर्डला २०-१४ असे हरवून महिलांचा चॅलेंज कप जिंकला. पण तो अंतिम सामना वेम्बलीवर नव्हे, तर वॉरिंग्टनला झाला. मुलीच्या हातात शिट्टी देऊन तिला वेम्बलीवर पाठवायला हरकत नव्हती. महिलांच्या अंतिम सामन्याला मात्र तिथे अजून जागा मिळाली नव्हती. पैशाचीही तीच कथा. बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नातून जन्मलेल्या या खेळाने आपल्या महिला खेळाडूंना दीर्घकाळ बिनपैशानेच खेळवले. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून संध्याकाळी सराव करायचा आणि शनिवार-रविवार सामन्यांना द्यायचा, हाच तिथला शिरस्ता होता.

बीव्हर्सची कारकीर्द याच लीड्स संघात बहरली. ती कधी सेंटर म्हणून खेळली, तर कधी सगळ्यांच्या मागे फुलबॅक म्हणून उभी राहिली. विशी गाठण्याआधीच इंग्लंडच्या संघात तिची वर्णी लागली. २०२२ साली लीड्सने यॉर्कला १२-४ असे हरवून महिला सुपर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचे, विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मायदेशी भरलेल्या विश्वचषकासाठी इंग्लंडच्या चमूत तिचे नाव होते. इंग्लंडने पहिल्या सामन्यात ब्राझीलचा ७२-४ असा धुव्वा उडवला. उपांत्य फेरीत मात्र न्यूझीलंडने त्यांची वाट अडवली.

अखेर १२ ऑगस्ट २०२३ रोजी महिलांच्या चॅलेंज कपचा अंतिम सामना प्रथमच वेम्बलीवर झाला. लीड्ससमोर सेंट हेलेन्सचा संघ होता आणि बीव्हर्स, आता एकवीस वर्षांची, लीड्सच्या पोशाखात त्याच हिरवळीवर उतरली. लीड्सने तो सामना २२-८ असा गमावला. मला त्या दिवसाची आणखी एक गोष्ट मोठी गमतीची वाटते. सेंट हेलेन्सकडून खेळणारी टारा जोन्स हीसुद्धा खेळाडू असून पंचाचे काम करणारी. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक पंच, आणि शिट्टी मात्र तिसऱ्याच कुणाच्या हातात.

नमस्कार.